इंग्रजी मास्तरांची घडण आणि वर्गाबाहेरची मुले

मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८४५ साली शिक्षक तयार करण्यासाठी जो नॉर्मल वर्ग उघडण्यात आला, त्याचे प्रमुखपद बाळशास्त्री जांभेकरांकडे सोपवले गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांना अकाली मृत्यू आल्यावर ते दादोबा पांडुरंगांकडे आले, ही हकीकत आपल्याकडील शिक्षणाच्या इतिहासांत आवर्जून सांगितली जाते. पण तो वर्ग देशी भाषांच्या शाळांतील पंतोजींसाठी होता, इंग्रजी शाळांतील मास्तरांसाठी नव्हता, या गोष्टीकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. धुळाक्षरे आणि पावकी-निमकी शिकवणाऱ्याला अध्यापनाचे शिक्षण हवे, हे सरकारला पटले होते; ज्याला स्वतः इंग्रजी येते त्याला ती शिकवता येणारच, मग त्याला आणखी काय शिकवायचे, अशी मात्र त्या काळच्या शिक्षण खात्याची निःशंक धारणा होती. ही धारणा थोडीथोडकी नव्हे, साठ वर्षे टिकली. १८८२ साली हंटर कमिशन हिंदुस्थानभर साक्षीपुरावे घेत फिरत होते, तेव्हा माध्यमिक शाळांच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षणाची सोय देशात केवळ मद्रास आणि लाहोर येथे होती. शतक संपता संपता अशा संस्थांची संख्या सहा झाली. आणि ज्या इलाख्याने विद्यापीठ, वृत्तपत्रे, नाटके आणि वकील यांचा एवढा बोलबाला करून ठेवला होता, त्या मुंबई इलाख्यात त्यांपैकी एकही नव्हती.

याचे कारण शोधू गेल्यास ते आळसात किंवा पैशाच्या टंचाईत तेवढे सापडत नाही, जेवढे इंग्रजी शिक्षणाच्या मूळ हेतूत सापडते. १८४० साली स्थापन झालेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्षपद १८४३ मध्ये सर अर्स्किन पेरी यांच्याकडे आले, आणि उच्च वर्गातील मोजक्या लोकांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण द्यावे, म्हणजे ते ज्ञान कालांतराने खालच्या थरांपर्यंत आपोआप झिरपत जाईल, या मताचा त्यांनी बोर्डात जोरदार पुरस्कार केला. जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे तिन्ही हिंदी सभासद कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या बाजूला उभे राहून देशी भाषांचा कैवार घेत होते. तो वाद काही वर्षे चालला, त्याचे कागद बोर्डाच्या दफ्तरात साठत गेले आणि पुढे १९२८ साली सायमन कमिशनपुढे अस्पृश्य वर्गाच्या शिक्षणाविषयी निवेदन सादर करताना डॉ. आंबेडकरांनी याच बोर्डाच्या अहवालांतील उतारे पुराव्यादाखल काढून ठेवले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्या वादातले मर्म एवढेच आहे की, ज्या शाळेला आपले विद्यार्थी वेचून घेता येतात तिला अध्यापनशास्त्राची निकड कधी भासत नाही. जो शिकतो तो राहतो, जो शिकत नाही तो जातो, आणि गेलेल्याचा हिशेब मास्तराच्या नावावर लिहिला जात नाही. इंग्रजी मास्तराला प्रशिक्षण नसणे आणि त्याच्या वर्गात शेतकऱ्याचे, महाराचे किंवा मुलीचे पाऊल नसणे, या दोन स्वतंत्र गोष्टी नव्हत्याच.

वर्गाच्या दाराचा प्रश्न प्रथम ठळकपणे उभा राहिला तो १८५६ च्या जूनमध्ये, धारवाडला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत असे. तेथील सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. मुलाने थेट सरकारकडे दाद मागितली. आणि एका व्यक्तीच्या हक्कासाठी सबंध शाळा ओस पडू देणे शहाणपणाचे होणार नाही, अशा आशयाचा अभिप्राय देऊन मुंबई सरकारने त्याची दरखास्त नामंजूर केली. हिंदुस्थान सरकारला हा निर्णय रुचला नाही आणि १८५८ मध्ये लंडनच्या कोर्ट ऑफ डायरेक्टर्सनेही सरकारी शिक्षणसंस्था सर्व वर्गांना खुल्या असल्याचे बजावले. त्यानंतर मुंबई सरकारने सर्वस्वी सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा जातिभेद न पाहता खुल्या राहतील, आणि अनुदान घेणाऱ्या शाळेने केवळ जातीवरून मुलाला नाकारले तर तिचे अनुदान रोखण्याचा अधिकार सरकारला राहील, असे जाहीर केले. कागदावर हा ठराव निर्दोष आहे. पण ज्या मास्तराने तो अमलात आणायचा, त्याला त्याविषयी एक अक्षर शिकवण्याची तजवीज कुठेही नव्हती. मुलाला कुठे बसवायचे, त्याची पाटी तपासायची की नाही, आणि ज्या भाषेचा उच्चारसुद्धा त्याच्या घरात कधी झालेला नाही ती भाषा त्याला कोणत्या पायरीपासून शिकवायची, हे सर्व मास्तराच्या मर्जीवर सोडलेले होते. पुढे कित्येक पिढ्या अस्पृश्य मुले ओसरीवर किंवा गोणपाटावर वेगळी बसली. १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांना संस्कृत शिकायची इच्छा असूनही फार्सी घ्यावी लागली, हे सर्वश्रुत आहे. आणि ते हायस्कूल सरकारीच होते.

याच काळात पुण्यात दुसरीच एक परंपरा आकार घेत होती. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली, तेव्हा जोतीराव फुल्यांसमोर पहिला प्रश्न शिकवणार कोण, हा होता; आणि त्याला त्यांनी जे उत्तर दिले ते शिक्षण खात्याला पुढची कित्येक वर्षे सुचले नाही. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांच्याकडे आणि पुण्याला मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कुलात जोतीरावांच्या पत्नी सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणजे ज्या स्त्रीने पुढे शूद्रातिशूद्र मुलींना शिकवले, ती रीतसर प्रशिक्षण घेऊन वर्गात उभी राहिली; आणि ज्या पदवीधरांनी सरकारी इंग्रजी शाळांत अध्यापन केले ते मात्र तसेच, कोरे, खुर्चीवर जाऊन बसले. १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘काव्यफुले’ या संग्रहात सावित्रीबाईंनी इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला आहे, आणि तो कोणाला उद्देशून धरला आहे हे पाहिले म्हणजे पेरीसाहेबांच्या इंग्रजीपेक्षा ही इंग्रजी किती निराळी होती, ते ध्यानात येते. एक इंग्रजी वरून झिरपणार होती. दुसरी खालून मागितली जात होती.

हंटर कमिशनला १८८२ च्या ऑक्टोबरात जोतीरावांनी जे निवेदन दिले, त्याचा उल्लेख प्राथमिक शिक्षणाच्या संदर्भात वारंवार होतो, पण शिक्षक कसा असावा याविषयी त्यात जे आले आहे ते मला त्याहून मोलाचे वाटते. शाळांतले बहुतेक शिक्षक ब्राह्मण आहेत आणि शेतकऱ्यांच्या मुलांत ते मिसळत नाहीत, अशी तक्रार करून ते थांबले नाहीत. शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याला पोटापुरता पगार असावा, आणि वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला जो लाजणार नाही व खालच्या थरांतील लोकांत जो सहज वावरू शकेल, असा तो असावा, अशी त्यांची मागणी होती. आजच्या प्रशिक्षण महाविद्यालयांत समावेशक अध्यापनाच्या नावाखाली जी लांबलचक उद्दिष्टे फळ्यावर लिहिली जातात, त्यांतील निम्मी या एका वाक्यात मावतात. त्याच कमिशनपुढे पुण्यात पंडिता रमाबाईंनी स्त्री-शिक्षिकांच्या तयारीविषयी साक्ष दिली, आणि नंतर त्या स्वतः अमेरिकेत फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेऊन आल्या. खात्याने या दोघांचेही म्हणणे नीट छापून दफ्तरी दाखल केले.

१८८० मध्ये चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. तिथला इंग्रजी अध्यापनाचा दर्जा सरकारी शाळांना लाजवणारा होता आणि तो सर्वस्वी अप्रशिक्षित पण असामान्य माणसांनी निर्माण केला होता, हे मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की, त्या यशाने इलाख्याचे थोडे नुकसानच केले. कारण उत्तम शिक्षक हा जन्मावा लागतो, ही समजूत त्याने आणखी बळकट केली, आणि जन्मलेले शिक्षक प्रत्येक तालुक्याला पुरतील इतके कोणत्याही काळी नसतात.

अखेर लॉर्ड कर्झनच्या १९०४ च्या शैक्षणिक ठरावाने प्रशिक्षणावर भर दिला आणि १९०६ साली मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. इंग्रजी शिकवू पाहणाऱ्या पदवीधराला या इलाख्यात प्रथमच पाठाचे टाचण काढावे लागले, अनोळखी वर्गापुढे सराव पाठ द्यावा लागला आणि मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षकाची टिपणे ऐकून घ्यावी लागली. मात्र तो जी पद्धती शिकून बाहेर पडू लागला ती मुंबईत जन्मलेली नव्हती. युरोपात मुलांना परकी भाषा त्या भाषेतूनच, वस्तू दाखवून, चित्रे दाखवून, हावभाव करून शिकवण्याची जी ‘डायरेक्ट मेथड’ नावारूपाला आली होती, तिने आता हिंदुस्थानच्या शाळांत प्रवेश केला. त्या पद्धतीचा आपल्या प्रांतातील एक मोठा पुरस्कर्ता पी. सी. रेन हा होता. इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी करीत असताना त्याने १९११ मध्ये हिंदुस्थानी शाळांतील इंग्रजीच्या प्रत्यक्ष अध्यापनावर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. पुढे ‘बो जेस्ट’ ही फ्रेंच परदेशी पलटणीची साहसकथा लिहून तो जगभर गाजला, आणि आपल्याकडे मात्र त्याचे नाव घराघरांत पोहोचले ते मार्टिनच्या जोडीने रचलेल्या आणि मुंबईच्या के. अँड जे. कूपर या प्रकाशकांनी काढलेल्या व्याकरणामुळे. व्याकरणाचे नियम पाठ करण्यापेक्षा भाषा थेट बोलायला शिकवावी असे सांगणाऱ्याचे नाव देशभर व्याकरणाच्या पुस्तकाशी जोडले जावे, ही नियतीची थट्टा म्हणायची.

प्रत्यक्ष पद्धतीत दोष नव्हता. तिच्यात गृहीत धरलेल्या वर्गात होता. शिक्षक अस्खलित इंग्रजी बोलणारा, मुले थोडी, घरी चार पुस्तके, आणि ऐकलेले शब्द संध्याकाळी पुन्हा कानावर पडण्याची शक्यता, एवढी सामग्री जमली म्हणजे ती पद्धती सुरेख चालते. तालुक्याच्या अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळेत, जिथे मुलाच्या घरची बोली पुस्तकी मराठीपासूनच चार कोस दूर असते, तिथे मास्तराने मराठीचा शब्द उच्चारायचा नाही असा दंडक घातला म्हणजे पुढच्या रांगेतली मुले चित्राकडे पाहून शब्द ओळखतात आणि मागची मुले पुढच्यांच्या ओठांकडे पाहून तोच शब्द पुटपुटतात. याउलट प्रशिक्षण महाविद्यालयांनी ज्याला जुनाट म्हणून हिणवले ते तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेचे शिक्षण पाहा. मराठी वाक्य घ्यावे, त्याचे इंग्रजी करावे, इंग्रजीचे पुन्हा मराठी करावे. त्यात संभाषण नव्हते, उच्चाराची आस्था नव्हती, रटाळपणा तर भरपूर होता. पण कोणत्याही खेड्यातला, कोणत्याही जातीचा मुलगा एका आण्याच्या मेणबत्तीखाली ती पाठमाला घेऊन एकटा बसू शकत होता, कारण तिचा एक पाय त्याच्या स्वतःच्या भाषेत रोवलेला होता. पिढ्यान्‌पिढ्या लोक तिच्यावर इंग्रजी शिकले. मातृभाषेला वर्गात मान देणे हे समावेशक अध्यापनाचे आद्य साधन आहे, असे आज भाषाशिक्षणाचे अभ्यासक आग्रहाने सांगू लागले आहेत. ते साधन आमच्या घरी होते आणि ते टाकून देण्याचे धडे आम्ही प्रशिक्षणाच्या नावाने गिरवले.

दरम्यान वर्गात कोण बसणार, या प्रश्नाची उत्तरे प्रशिक्षण महाविद्यालयांच्या आवाराबाहेर, वसतिगृहांत शोधली जात होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींसाठी बोर्डिंगे काढली, १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्याचे बोर्डिंग सुरू झाले, जिथे सर्व जातींची मुले एका पंक्तीला जेवत. १९३५ मध्ये प्राथमिक शिक्षकांचे ट्रेनिंग कॉलेज, १९४० मध्ये सयाजीराव महाराजांच्या नावाचे मोफत निवासी हायस्कूल, आणि १९५५ मध्ये आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन, अशी ती मालिका पुढे गेली. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. इतर ठिकाणी आधी शिक्षक घडवून मग विद्यार्थी शोधले गेले. इथे आधी विद्यार्थी गोळा केले, त्यांना खाऊपिऊ घातले, शिकवले, आणि त्यांच्यातूनच शिक्षक निपजले. मेंढपाळाचा किंवा शेतमजुराचा मुलगा जेव्हा बी. टी. होऊन इंग्रजीच्या तासाला उभा राहिला, तेव्हा कोणत्या वाक्यरचनेशी खेड्यातली जीभ अडखळते आणि ‘स’ आणि ‘श’ यांच्या घोटाळ्यावर हसू नये, हे त्याला कोणत्याही ग्रंथातून वाचावे लागले नाही. नांगराच्या मुठीची अट इथे नकळत पूर्ण झाली होती.

याहूनही आडवाटेने एक प्रवाह वाहत होता. मुंबईत १८८० च्या दशकात मूकबधिरांची संस्था निघाली. १९०० साली दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर अमेरिकन मिशनच्या मिस मिलार्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली. आणि १९०२ मध्ये ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल स्कूल फॉर द ब्लाइंड सुरू झाले, ज्याची धुरा डॉ. नीलकंठराय छत्रपती या, स्वतः दृष्टी गमावलेल्या, वैद्यकव्यवसायी गृहस्थांनी वाहिली. इंग्रजीच्या दृष्टीने या शाळांची कथा विलक्षण आहे. हिंदुस्थानी भाषांसाठी ब्रेलच्या एकाहून अधिक लिप्या तेव्हा प्रचारात होत्या, प्रत्येक प्रांताची किंवा मिशनची आपली चूल निराळी होती, आणि सर्वांना मान्य अशी भारती ब्रेल १९५१ साली ठरेपर्यंत हा गोंधळ मिटला नाही; इंग्रजी ब्रेल मात्र त्याआधीच स्थिर झालेली होती. त्यामुळे त्या काळच्या अंध विद्यार्थ्याला छापील पुस्तकांची विपुलता जी काही मिळू शकत होती ती परक्या भाषेत, आणि स्वतःच्या भाषेत मात्र दारिद्र्य, अशी उफराटी स्थिती होती. बोटाने वाचणाऱ्या मुलाला इंग्रजी कशी शिकवावी, संक्षेपचिन्हे केव्हा आणावीत, चित्रावरून शिकवायचा शब्द हाताला कसा दाखवावा, याचे सूक्ष्म ज्ञान या शाळांच्या शिक्षकांपाशी साठत गेले. सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज आणि ताडदेवची ती शाळा एकाच शहरात होत्या. पण एकीचे ज्ञान दुसरीच्या पाठटाचणात उतरले, असे दिसत नाही. अंध मुलगा ‘विशेष’ शाळेचा, त्याचा शिक्षक ‘विशेष’ शिक्षक, आणि सर्वसाधारण वर्गाचा मास्तर त्या जबाबदारीतून मोकळा, अशी विभागणी तेव्हा जी झाली ती आजतागायत प्रशिक्षणाच्या दोन निराळ्या पदव्यांच्या रूपाने टिकून आहे.

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने पाचवी ते सातवीच्या वर्गांतून इंग्रजी काढून ती आठवीपासून ठेवली. हेतू शुद्ध होता: खेड्यातल्या मुलावर परक्या भाषेचा बोजा लवकर पडू नये आणि शहरी मुलाला तिच्यामुळे मिळणारा फाजील लाभ कमी व्हावा. परिणाम उलटा झाला. ज्यांना परवडत होते त्यांनी मुलांना इंग्रजी माध्यमाच्या शाळांकडे वळवले. त्याला आळा घालण्यासाठी १९५४ च्या जानेवारीत मुंबई सरकारने हुकूम काढला की, अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाच्या मुलांखेरीज इतरांना इंग्रजी माध्यमाच्या शाळांत घेऊ नये. देवळालीचे बार्न्स हायस्कूल चालवणाऱ्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीने त्याविरुद्ध दाद मागितली आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात सरकार हरले. ज्या सोसायटीची स्थापना १८१५ साली युरोपियन वंशाच्या मुलांसाठी झाली, तिनेच एतद्देशीय मुलांना आपल्या वर्गात बसण्याचा हक्क न्यायालयातून मिळवून द्यावा, आणि समतेची भाषा बोलणाऱ्या लोकनियुक्त सरकारने त्यांना दाराबाहेर ठेवण्याचा खटला लढावा, असा हा प्रकार झाला. मात्र ती मुले त्या शाळांत गेल्यावर, घरात मराठी किंवा गुजराती बोलणाऱ्या मुलाला इंग्रजीतून भूगोल कसा शिकवावा, हे कोणत्या शिक्षकाला कुठे शिकवले होते? हा प्रश्न त्या खटल्यात उद्भवण्याचे कारण नव्हते, आणि तो इतरत्र कुणी उपस्थितही केला नाही.

१९५८ मध्ये हैदराबादला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश निघाले आणि वाक्यसाच्यांची क्रमवार यादी हातात घेऊन ‘स्ट्रक्चरल’ पद्धती देशभर पसरली. तिच्यात एक गुण होता, तो म्हणजे सामान्य कुवतीच्या शिक्षकालाही ती झेपे. आणि एक मर्यादा होती, ती म्हणजे सर्व मुले एकाच पायरीवर एकाच वेळी उभी आहेत असे ती मानी. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने अपंग मुलांना शक्य तेथवर सर्वसाधारण शाळांतच शिकवावे, असा अभिप्राय दिला. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा तालुक्यातले. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात ग्रामीण शिक्षणाचे काम केलेले. तेव्हा अहवालातील समान शाळेचा आग्रह केवळ दिल्लीच्या कचेरीत सुचला असेल असे वाटत नाही. तिकडे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ वारली मुलांसाठी कुरणशाळा चालवत होत्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने गुरांच्या मागे कुरणात जावे, हा त्यांचा खाक्या होता. तिथे इंग्रजीचा संबंध नव्हता. पण ज्या मुलाची मराठी हीच दुसरी भाषा आहे त्याला तिसरी शिकवू पाहणाऱ्याने आधी कोसबाडला जाऊन यावे, इतके तिथे शिकण्याजोगे होते.

मोठा बदल झाला तो २००० सालच्या जूनमध्ये. प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना महाराष्ट्रातील सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली, आणि डी. एड. झालेला, बहुधा मराठी माध्यमात शिकलेला, जिल्हा परिषदेचा प्रत्येक गुरुजी व प्रत्येक बाई एका सरकारी निर्णयाने इंग्रजीचे शिक्षक झाले. त्या निर्णयाची थट्टा करणारे पुष्कळ होते; आपली मुले पहिलीपासून इंग्रजी शिकत असताना दुसऱ्यांच्या मुलांना ती पाचवीच्या आधी कशाला, असे विचारणारेही त्यांत होते. मला तो निर्णय तत्त्वतः योग्य आणि तयारीच्या दृष्टीने बेफिकीर वाटतो. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, राज्य आंग्लभाषा संस्थेने आणि बालभारतीने शिबिरे, पुस्तके, बडबडगीते यांचा सपाटा लावला. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने ‘वुई लर्न इंग्लिश’ हा रेडिओ-पाठांचा उपक्रम तयार केला, ज्यात रेडिओ बोलतो, मुले उत्तर देतात आणि बाईही मुलांबरोबर शिकतात. प्रशिक्षणाच्या इतिहासात ही एक विरळा गोष्ट म्हटली पाहिजे: शिक्षकाला इंग्रजी कमी येते हे लपवण्याऐवजी तेच गृहीत धरून पद्धती आखली गेली. जो स्वतः शिकतो आहे त्याला मुलाच्या अडखळण्याची चीड येत नाही. अस्खलित मास्तराला ती फार लवकर येते. पुढे २०१० पासून शिक्षणहक्काच्या कायद्याने खाजगी शाळांत दुर्बल घटकांसाठी पंचवीस टक्के जागा राखल्या, आणि मोलकरणीचे मूल इंग्रजी माध्यमाच्या वर्गात जाऊन बसले. तिथल्या अस्खलित बाईंना त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलावे याचे उत्तर शोधण्याची पाळी आता आली.

त्याआधीच वर्गातच बसलेल्या, पण आजवर कुणालाही न दिसलेल्या मुलांचा एक गट उजेडात आला. १९९६ मध्ये महाराष्ट्र सरकारने अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास प्रारंभ केला. मुंबईत शीवच्या रुग्णालयात त्यासाठी तपासणीचे चिकित्सालय निघाले. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनही त्याच वर्षीची. या प्रश्नाशी इंग्रजीच्या शिक्षकाचे नाते इतर कोणत्याही शिक्षकापेक्षा निकटचे आहे. देवनागरीत चिन्ह आणि ध्वनी यांची गाठ बहुतांशी पक्की असते, म्हणून वाचनाची सौम्य अडचण असलेले मूल मराठी कसेबसे निभावून नेते. इंग्रजीत ‘दो’, ‘थ्रू’ आणि ‘कॉफ’ या तिन्ही शब्दांच्या शेवटी तीच चार अक्षरे येतात आणि तिन्हींचा उच्चार निराळा होतो, तिथे त्या मुलाची तारांबळ प्रथम उघडी पडते. म्हणजे हे मूल ओळखण्याची पहिली संधी इंग्रजीच्या तासाला येते. पूर्वी त्या संधीला आळशी, मठ्ठ, बेफिकीर अशी नावे होती आणि तिचा उपाय म्हणजे प्रत्येक चुकीचे स्पेलिंग दहा वेळा लिहून आणणे हा होता.

२०१५ पासून बी. एड. दोन वर्षांचे झाले. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने आखलेल्या त्याच्या आराखड्यात समावेशक शाळेच्या निर्मितीवर एक अभ्यासविषय घातला आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मान्य केल्यापासून त्या विषयाचा आशयही विस्तारला आहे. आराखड्यात त्याचे वजन अर्ध्या विषयाचे आहे. इंग्रजीच्या अध्यापन पद्धतीचा विषय निराळा, त्याचे प्राध्यापक निराळे, त्याची परीक्षा निराळी. पहिल्यात छात्राध्यापक कायदे, व्याख्या, प्रकार आणि आयोगांची नावे पाठ करतो. दुसऱ्यात तो भाषेची चार कौशल्ये, सूक्ष्म अध्यापन आणि पाठनियोजन शिकतो. आणि कर्णबधिर मुलाला श्रवणकौशल्य कसे शिकवावे, किंवा अंध मुलाला चित्रवर्णनाचा प्रश्न कसा द्यावा, हे दोन विषयांच्या मधल्या भिंतीत राहून जाते. आंतरवासितेसाठी तो शाळेत जातो तेव्हा टाचणाच्या वहीत ‘विशेष गरजा असणाऱ्या बालकांसाठी कृती’ असा रकाना असल्यास त्यात बहुधा ‘अधिक सराव देणे’ असे लिहिलेले आढळते, आणि ते आधीच्या तुकडीच्या वहीतून जसेच्या तसे उतरलेले असते. याबद्दल त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला शिकवणाऱ्यांनीही असा पाठ कधी पाहिलेला नसतो.

माध्यमिक शिक्षण मंडळाच्या नियमांप्रमाणे आज पात्र विद्यार्थ्याला दहावीला जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, काहींना एखाद्या भाषेतून सूटही मिळते. या सवलतींमागे अनेक पालकांचा आणि डॉक्टरांचा दीर्घ पाठपुरावा आहे आणि त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण शाळेत त्यांचे रूपांतर फार लवकर एका अर्जात होते: प्रमाणपत्र जोडले, मुख्याध्यापकांची सही झाली, आणि इंग्रजीच्या शिक्षकाला वाटले की आपले कर्तव्य संपले. लेखनिक लिहील, पण त्याला सांगायचे वाक्य त्या मुलाच्या तोंडी कसे यायचे, हे ठरवणे मंडळाच्या नियमावलीचे काम नाही. ते अध्यापन पद्धतीच्या तासाला ठरायला हवे, आणि पुष्कळ महाविद्यालयांत त्या तासाला अजून ‘पॅसिव्ह व्हॉइस’चा आदर्श पाठच चालू असतो.